अभ्यासिकेच्या पाससाठी आधारचा फोटो कशाला?

संपादक महोदय,

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या माझ्या पुतणीने नुकतीच पुण्याच्या सदाशिव पेठेतील एका अभ्यासिकेत जागा घेतली. पास अ‍ॅपवरच मिळतो. त्यासाठी आधी जीमेलने लॉगिन करायचे, मग ओटीपी द्यायचा आणि शेवटी आधार कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो अपलोड करायचे; फोटो चढल्याशिवाय पैसे भरण्याचे बटण चालूच होत नाही. याबद्दल विचारणा केली असता 'सगळे क्लाउडवर सुरक्षित आहे' असे उत्तर मिळाले. वास्तविक या महिन्याचे पैसे भरले आहेत की नाहीत, एवढेच दारावर तपासायचे असते.

ओळख न विचारता हक्क तपासण्याची रीत संगणकशास्त्राला नवीन नाही. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड चॉम यांनी 1982 मध्येच 'अंध स्वाक्षरी'ची कल्पना मांडली. कार्बन लावलेल्या बंद पाकिटावर सही केली की ती आतल्या कागदावर उमटते, पण सही करणाऱ्याला तो कागद दिसत नाही. तसेच येथे पैसे भरताना विद्यार्थ्याचा फोन एक यादृच्छिक क्रमांक गणिताने झाकून सर्व्हरकडे पाठवील, सर्व्हर त्यावर डिजिटल सही करील आणि फोन ते आवरण काढून टाकील. दारावर तो क्रमांक दाखवला की सही आपलीच आहे आणि हा क्रमांक आधी वापरलेला नाही, हे सर्व्हरला कळते. तो कोणाला दिला होता, हे मात्र कळत नाही. रोजचा एक याप्रमाणे महिन्याचे क्रमांक एकदम देता येतील, आणि एकदा वापरलेला क्रमांक पुन्हा चालणार नसल्यामुळे एका पासवर दोघांना बसण्याची सोयही उरणार नाही. अशा सही केलेल्या क्रमांकांच्या जातीची चिन्हे (टोकन) 2022 पासून आयफोनमध्ये आहेत. समोरचे उपकरण खरे आहे एवढेच संकेतस्थळाला कळते, वापरणारा कोण हे कळत नाही.

हे परदेशी कौतुक म्हणून सोडून द्यावे, तर आपल्याकडेही 2018 मध्ये मूळ आधार क्रमांकाऐवजी देता येईल असा 16 अंकी आभासी क्रमांक आला आणि प्रत्येक संस्थेला त्याच व्यक्तीसाठी वेगळे टोकन देण्याची व्यवस्था झाली, जेणेकरून दोन संस्थांना आपापल्या याद्या जुळवता येऊ नयेत. अर्थात टोकनामुळे आधार क्रमांक संस्थेपासून लपला, तरी कोणत्या संस्थेने केव्हा पडताळणी केली याची नोंद आधार देणाऱ्या प्राधिकरणाकडे (यूआयडीएआय) राहतेच. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 च्या निकालात अशा नोंदी सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवण्यास मनाई केली. प्राधिकरणाच्या सर्व्हरला न विचारता, त्याची डिजिटल सही तपासून होणारी ऑफलाइन पडताळणी या बाबतीत सरस आहे, कारण ती कुठे वापरली हे प्राधिकरणाला कळत नाही. आणि एवढ्या सोयी असताना प्रत्यक्षात चालते काय, तर पूर्ण कार्डाचा फोटो! त्याला सरकारी धरसोडही कारणीभूत आहे. मे 2022 मध्ये प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने आधारच्या छायाप्रती सरसकट देऊ नका, फक्त शेवटचे चार अंक दिसणारी प्रत द्या, असे सांगितले. गैरसमज होईल म्हणून दोनच दिवसांत ते पत्रक मागे घेण्यात आले.

लॉज किंवा वसतिगृहाला मुक्कामाची नोंद ठेवावी लागते हे मान्य आहे. परंतु अभ्यासिकेत कोणी मुक्कामाला येत नाही, आणि ओळखपत्र पाहणे वेगळे व त्याची प्रत वर्षानुवर्षे साठवणे वेगळे.

2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार ठरलेल्या कामासाठी आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती संमती धरली जाते. नोव्हेंबर 2025 मध्ये त्याचे नियम निघाले, पण मुख्य तरतुदींच्या अंमलबजावणीला 18 महिन्यांची मुदत दिली गेली. मुलांच्या खात्यांसाठी पालकांचे वय पडताळताना ओळख व वयाशी जोडलेले आभासी टोकन चालेल, असे हे नियम सांगतात. मात्र ते टोकन कोणत्या सेवेसाठी वापरले गेले, याचा हिशोब ते देणाऱ्याकडे साठू लागला, तर एका माहितीच्या जागी दुसरी गोळा होईल.

राज्य शासन, महापालिका आणि विद्यापीठे यांनी मुदत संपण्याची वाट पाहू नये. ग्रंथालय, जलतरण तलाव, परीक्षा अर्ज अशा क्लाउडवरील सेवांच्या निविदांमध्ये आत्ताच तीन अटी घालाव्यात: आधारची प्रत साठवू नये, हक्क तपासण्यापुरतेच चिन्ह मागावे आणि मोबाइल क्रमांक न देणाऱ्यासाठी खिडकीवर पास मिळण्याची सोय असावी.

– एक वाचक, नाशिक