पुढचा बेल्ट निकालाआधी विकत घेऊ नये

कराटे वर्गाच्या सर्व विद्यार्थी व पालकांना नमस्कार.

येत्या ग्रेडिंगसाठी (बेल्टच्या परीक्षेसाठी) काही मुलांनी पुढच्या रंगाचे बेल्ट आत्ताच ऑनलाइन मागवल्याचे कळले. हौस समजते, पण कृपया असे करू नका. ज्युदोतली डान पद्धत (काळ्या बेल्टच्या श्रेणी) स्वीकारून कराटेगुरू गिचिन फुनाकोशी यांनी १९२४ साली कराटेतले पहिले काळे बेल्ट आपल्या शिष्यांना दिले. बेल्ट गुरूंच्या हातून घ्यायचा असतो. दुकानात तो कोणालाही मिळतो, म्हणून तर ही शिस्त आपणच पाळायची.

घरी बांधून स्टेटसला फोटोही टाकू नये. वर्षभर घाम गाळून तोच रंग मिळवलेल्या मुलाला ते लागते. शिवाय ऐन परीक्षेत काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम) अडखळली आणि निकाल राहिला, तर कपाटातला तो बेल्ट आपल्याच मुलाला रोज खुपतो.

आधीच घेतला असेल तर पाकीट न फोडता सेन्सेईंकडे (प्रशिक्षकांकडे) जमा करा. कोणी रागावणार नाही. उत्तीर्ण झाल्यावर तोच बांधला जाईल.

सध्याचा बेल्ट आखूड झाला असेल तर त्याच रंगाचा नवा खुशाल घ्या. कमरेभोवती दोन वेढे घेऊन गाठ मारल्यावर दोन्ही टोके सारखी लोंबली पाहिजेत, एवढे माप पाहा.