घटमवाल्या पोराला काढू नका

बाळा,

काल रात्री फोनवर तू बोललास ते डोक्यातून जाईना, म्हणून सकाळी पाणी भरून झाल्या झाल्या लिहायला बसलेय, व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं लांब येतंय तर वेळ काढून वाच. घटमवाल्या, म्हणजे मडकं वाजवणाऱ्या पोराला तुमच्या बँडमधून काढायचं ठरतंय म्हणालास, का तर ड्रम आणि कीबोर्ड सुरू झाले की त्याचं ऐकूच येत नाही, त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक पॅड घेतलं की भागतंय. तेव्हाच बोलले असते तर भांडण झालं असतं म्हणून गप्प बसले.

मी बेळगावजवळच्या खानापूरच्या कुंभाराघरची, तुला माहितीय की. तुझे आजोबा आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, उघडला की एकेक मडकं उचलायचे, कानाजवळ धरायचे आणि बोटाच्या नखानं टिचकी मारायचे. खणखणीत वाजलं की उजव्या बाजूला, बद्द वाजलं की डावीकडे. बद्द म्हणजे कुठंतरी चीर आहे, डोळ्याला दिसत नाही एवढी बारीक, पण पाणी भरलं की पाझरणार. मी सहा-सात वर्षांची असताना मला पण ऐकून सांगायला लावायचे आणि माझं चुकलं तर रागवायचे नाहीत, परत टिचकी मारून दाखवायचे.

म्हणून मामानं मुंबईहून शक्ती नावाच्या बँडची कॅसेट आणली तेव्हा मला गिटार-बिटार काही कळलं नाही, मी म्हटलं अरे हे तर मडकं वाजतंय! मामा हसला, पण मी ती बाजू तीनदा उलटी फिरवून ऐकली. विक्कू विनायकराम होते ते, मद्रासचे. मडकं मांडीत घेऊन तोंड पोटाला लावलेलं, पोट जरा मागं घेतलं की आवाज खोल जातो, परत दाबलं की बंद होतो, आणि वरच्या काठाजवळ बोटांनी वाजवलं की तोच आजोबांच्या टिचकीचा खणखणाट. मानामदुरैचे घटम तर मातीत धातूचा चुरा घालून जड बनवतात, भाजलं की धातूसारखे वाजतात. सगळीकडं जाडी सारखी लागते, एका बाजूला जरी पातळ राहिलं तरी सूर तुटतो. हे मला कोणी शिकवायला नको.

आता तुला जे सांगायचंय ते. शक्तीचा गिटारवाला जॉन मॅक्लॉफ्लिन त्याच्या आधी काय करत होता बघ. जॅझवाल्या माइल्स डेव्हिसबरोबर वाजवून झालं, मग 1971 ला महाविष्णू ऑर्केस्ट्रा नावाचा बँड काढला, दोन मानांची इलेक्ट्रिक गिटार, मागं बिली कोबहॅमचा ड्रम, जॅन हॅमरचा कीबोर्ड, केवढा तो आवाज. नाव झालं होतं, पैसा होता, तरी पहिला संच 1973 च्या शेवटी मोडला. आणि असा माणूस पुढं काय करतो तर जमिनीवर मांडी घालून बसतो, बिनविजेची लाकडी गिटार घेऊन. आजूबाजूला एल. शंकरची व्हायोलिन, झाकीर हुसेनचा तबला आणि मडकं. ड्रमसेट नाही, बास गिटार नाही, कीबोर्ड नाही. 1975 च्या जुलैत न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडच्या एका कॉलेजात वाजवलं, त्याचीच पहिली रेकॉर्ड निघाली. ती गिटार पण त्यानं खास बनवून घेतली होती, पट्ट्यांमधलं लाकूड खोल कोरून, म्हणजे वीणेसारखी तार ओढून मींड घेता येते, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं, आणि मुख्य तारांखाली सात जादा तारा तिरक्या बांधलेल्या, त्या नुसत्या घुमायला. एवढ्या मोठ्या वादकानं मडकं ऐकू यावं म्हणून स्वतःचा आवाज खाली आणला, असं मला तरी वाटतं, आणि तुम्ही चौघं पोरं उलटं करायलाय.

आणि ऐकताना बघ, झाकीरभाई धिरधिर किटतक म्हणतात तर विक्कूजी तकधिमि म्हणतात, एक उत्तरेचा, एक दक्षिणेचा, दोघांची मोजायची पद्धत वेगळी आणि समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, बरोबर भेटतात. तू तर घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि शाळेत इंग्रजी बोलत वाढलास, दूधवाल्याशी बोलताना अर्धं वाक्य इकडचं अर्धं तिकडचं, कधी अडलास काय? तुझ्या हातात हे आपोआप आहे, बेंगळुरूच्या पोरांना ते शिकावं लागतंय.

ऐकायला माणसं येत नाहीत, ऑर्गनायझर सिनेमाची गाणी घाला म्हणतात, हे पण बोललास. शक्ती तीन रेकॉर्डी काढून 1978 ला थांबली. नंतर जवळजवळ वीस वर्षांनी, 1997 ला परत उभी राहिली, हरिप्रसाद चौरसियांची बासरी घेऊन, मग यू. श्रीनिवासचं मेंडोलिन, शंकर महादेवनचा गळा, आणि विक्कूजींच्या जागी त्यांचाच मुलगा सेल्वगणेश. श्रीनिवास 2014 ला गेला, पंचेचाळीस वर्षांचा, माझ्याच वयाचा होता तो. तरी 2023 ला नवीन अल्बम आला आणि 2024 च्या फेब्रुवारीत ग्रॅमी मिळाली, त्याच डिसेंबरात झाकीरभाई गेले. त्या दिवशी तू हॉस्टेलवरून फोन केलास आणि काहीच बोलला नाहीस, नुसता श्वास ऐकू येत होता, मला कळलं होतं रे.

तेवढं एक करा. पुढच्या प्रॅक्टिसला ड्रमवाल्याला पहिली दहा मिनिटं बाहेर बसव, कीबोर्ड बंद, तू गिटारचा अ‍ॅम्प काढ, आणि त्या पोराला एकट्याला वाजवू दे. मग एकेक जण आत या, त्याचं ऐकू येणं बंद झालं की थांबा, शेवटी आलेल्यानं आवाज कमी करायचा. एक दिवस करून बघा, त्यानंतर पण काढायचंच असेल तर मी अडवणार नाही.

मामा रविवारी चन्नम्मा एक्सप्रेसनं येतोय. त्याच्याकडं कुंदा दिलाय, अर्धा किलो तुझा आणि अर्धा पोरांना, सगळा एकटा खाऊ नकोस. आणि खानापूरहून एक मडकं करून घेतलंय, खास घटमाचं नाही, पाण्याचंच, पण माती दोनदा मळून घेतलीय आणि जाडी मी स्वतः हात घालून बघितलीय. दोन जुन्या साड्यांत गुंडाळलंय. पोचलं की आधी टिचकी मारून मला फोनवर ऐकव, प्रवासात चीर गेली असेल तर मला लगेच कळेल.

तुझी आई