हातमोजे नकोत, साबण हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोडी कागदपत्रांच्या बातमीसोबत हल्ली एक छायाचित्र हमखास छापले जाते : पांढरा सुती हातमोजा आणि त्यात धरलेले पेशवेकालीन पत्र. आपल्या अंकातही ते आले. त्यावरून जुना कागद असाच हाताळायचा असतो असा समज होतो, म्हणून हे पत्र.

मोजा घातला की बोटाला कागदाची कड कळत नाही. विरलेल्या कडेत सुताचे धागे अडकतात आणि कड तुटते. शिवाय मोजा टेबलावरची धूळ पुढच्या कागदावर नेतो. मोजे लागतात ते जुन्या फोटोंना आणि निगेटिव्हना, तेही नायट्राइलचे. कागदासाठी हात साबणाने धुऊन अगदी कोरडे करावेत. क्रीम किंवा सॅनिटायझर लावले असेल तर पुन्हा धुवावेत. पान उलटताना बोट जिभेला लावायची सवय मात्र आधी सोडावी. मोडीची काळी शाई काजळी आणि डिंकाची. ती कागदाच्या वर बसते आणि ओल लागली की उठते. जुन्या पोथ्यांना तर कसर लागू नये म्हणून हरताळ लावत, आणि हरताळ म्हणजे आर्सेनिकचे विषारी संयुग. चुकीच्या अक्षरावरही तोच फासत. ‘हरताळ फासणे’ तिथूनच आले.

इंग्रजी अमदानीतल्या फायलींची तपकिरी शाई वेगळी. ती लोहयुक्त आणि आम्लधर्मी असल्याने कागदात मुरते व त्याला आतून खाते. असे पान एका कोपऱ्याला धरून उचलले, तर ते ओळीच्या रेघेवरच फाटते. खाली जाड पुठ्ठा सरकवून पुठ्ठ्यासकट उचलावे.

पुण्याच्या पुराभिलेखागारात, 1891 सालच्या इमारतीत, पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. एवढ्या पसाऱ्यात एक पत्र शेजारच्या रुमालात गेले, तर ते फाटले नसले तरी गेल्यातच जमा. म्हणून टेबलावर एका वेळी एकच रुमाल आणि त्यातले एकच पुडके उघडावे. वाचलेले कागद डावीकडे पालथे ठेवत जावे, म्हणजे शेवटी गठ्ठा उलटला की मूळ क्रम परत मिळतो. क्रम चुकीचा वाटला तरी आपण लावायला जाऊ नये. चिठ्ठीवर लिहून कर्मचाऱ्यांना द्यावे. बांधताना गाठ घट्ट आवळली की कडा चुरतात, सैल राहिली की मधले कागद घसरतात. वर-खाली पुठ्ठा ठेवून बांधणे बरे.

लांब बंद, म्हणजे घडी घातलेला लांब कागद, उलगडताना घाई होते. एकेक घडी उघडावी, उघडलेल्या भागावर छर्रे भरलेली कापडी नळी ठेवावी, मग पुढची घडी. घडी ताठ असेल तर जोर लावू नये आणि पाण्याचा हात तर मुळीच नको. ते काम संवर्धकाचे. शाई टिपायला टाकलेली वाळू काही पत्रांवर अजून चिकटलेली असते. ती फुंकरीने उडवू नये, फुंकरीत ओल असते. मऊ ब्रशने मधून कडेकडे हलकेच सारावी. पांढरी किंवा हिरवट लव दिसली तर ब्रशही नको : पुडके मिटून लगेच कर्मचाऱ्यांकडे द्यावे. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर रेंगाळली की बुरशी धरते, आणि एका पुडक्यातली दुसऱ्यात जाते.

जोडकागदाचा सांधा सुटलेला दिसला की कुणाला तरी चिकटपट्टी आठवतेच. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात उतरतो, नंतर काढताना अक्षरेही निघतात. सांध्यावर पुष्कळदा शिक्का असतो. त्याचे दोन अर्धे तंतोतंत जुळतात का, यावरून कागदाचा खरेपणा ठरतो. एका सुताने वाकडा चिकटवला तर तो पुरावा संपला. पत्राची पाठही पाहावी. तिथे ‘पै॥’ करून पत्र पोचल्याची तारीख असते. पूर्वी दुरुस्ती करताना मागे जाड कागद चिकटवला, अशा पत्रांची ती तारीख आता वाचता येत नाही.

टिपणे पेन्सिलीनेच घ्यावीत, पण ती टेबलावर तासू नये. शिशाची भुकटी हाताने कागदावर जाते. टिपणवही मूळ कागदावर ठेवून लिहू नये, वळ उमटतात. खुणेला रंगीत चिकट चिठ्ठी नको, साधी कोरी पट्टी पुरे. फोटो फ्लॅश बंद करून वरून घ्यावा, कागद उचलून मोबाइलसमोर धरू नये. चौकटीत रुमाल व पुडके क्रमांकाची चिठ्ठी येऊ द्यावी, नाहीतर घरी गेल्यावर पत्र कुठले हे शोधायला तोच रुमाल पुन्हा सोडावा लागतो.

वाचनकक्ष चालवणाऱ्यांकडे मागणी दोनच गोष्टींची : दाराशी साबण-टॉवेलसह बेसिन, आणि पूर्ण बंद उलगडेल एवढे लांब टेबल, जे पंख्याच्या थेट खाली नसेल.

आपले,
मोडी कागदपत्रांचे काही अभ्यासक, पुणे