शिबिरात विडीचंही विचारा

महोदय,

20 मार्चच्या जागतिक मौखिक आरोग्य दिनाच्या निमित्ताने आपल्या भागात दंततपासणी शिबिरे होतात. चांगलेच आहे. पण गर्दीत बहुतेकदा एवढेच विचारले जाते, "हिरड्यांतून रक्त येतं का?" विडी ओढणारा "नाही" म्हणतो, आणि खरे तेच सांगतो. गफलत तिथेच होते.

केळीच्या गाड्या भरणारे मजूर माझ्याकडे येतात. ओठ उचलला की हिरडी फिकट, टणक, दिसायला धडधाकट. दातांची आतली बाजू मात्र काळपट. दात आणि हिरडीमधली फट मोजायची बारीक सळई निरोगी हिरडीत 3 मिलिमीटरपर्यंत थांबते, इथे ती सहा-सात मिलिमीटर आत जाते, तरी रक्ताचा टिपूस नाही. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे पायरिया, म्हणजे हिरडी आणि दाताभोवतीचे हाड झिजवणारा आजार, झाकला जातो.

धुराने त्या फटीत प्राणवायू कमी पडतो आणि प्राणवायूविना वाढणाऱ्या जंतूंना रान मोकळे मिळते. पोर्फायरोमोनास जिंजिव्हॅलिस हा त्यातला म्होरक्या. त्यांना आवरणाऱ्या पांढऱ्या पेशीही नीट काम करत नाहीत. म्हणून कीटण (दातावर साचलेला कडक थर) कितीही नेटाने काढा, न ओढणाऱ्याची फट जितकी भरून येते तितकी ओढणाऱ्याची येत नाही, आणि जंतू लवकर परततात. मग बोभाटा होतो, "दात साफ केले नि हलायला लागले!" अहो, हाड आधीच झिजलेले असते, दात कीटणाच्या आधाराने उभा असतो. हिरड्यांच्या आजारांच्या 2018च्या जागतिक वर्गीकरणात रोज 10 किंवा जास्त सिगारेटी ओढणाऱ्याचा हा आजार वेगाने वाढणाऱ्या गटात धरतात, ते उगाच नाही.

विडी सोडली की उपचाराला हिरडी जास्त चांगली साथ देते. गेलेले हाड मात्र आपोआप भरत नाही. आणखी एक, सोडल्यावर सुरुवातीला हिरडीतून रक्त येऊ शकते, कारण रक्तपुरवठा पूर्ववत होत असतो. हे आधी सांगितले नाही तर "सोडली आणि उलटंच झालं" म्हणत माणूस पुन्हा बंडल घेतो.

शिबिर भरवणाऱ्यांना विनंती, केसपेपरवर विडी-सिगारेटचा रकाना ठेवा, रोज किती ते लिहा. ओढणाऱ्याची फट सळईने मोजल्याशिवाय त्याला "ठीक आहे" म्हणून घरी पाठवू नका. तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत क्रमांक 1800-11-2356 त्याच कागदावर छापा.

– एक दंतवैद्य, चोपडा (जि. जळगाव)