प्रेत श्वास घेतं का?

पुणे, रविवार

प्रिय बंड्या,

फोनवर हे जमलं नसतं. तू मध्येच हसला असतास आणि तुझं हसू आवरेपर्यंत मी विषय विसरलो असतो. म्हणून पत्र. तब्येत ठीक, साखर आहे तिथेच आहे, गुडघा कुरकुरतो. झालं.

तर परवा रात्री ‘जाने भी दो यारो’ हा सिनेमा लावला. सतीश शाह गेले तेव्हाच लावणार होतो, पण हात धजावला नाही. सुमी म्हणाली, "तोंडपाठ आहे की तुम्हाला, परत काय बघायचंय?" आता तिला काय सांगू, तोंडपाठ आहे म्हणूनच घोळ झाला. पुढचं वाक्य आधीच कानात वाजायचं, मग डोळ्यांना काम उरेना. ते आपले मागे मागे भटकायला लागले. तुझ्यासारखे.

महाभारताच्या नाटकाचा प्रसंग. डिमेलोचं, म्हणजे सतीश शाहांचं, प्रेत द्रौपदी होऊन उभं, धृतराष्ट्र काय चाललंय म्हणून विचारतोय, ओम पुरी द्रौपदीत शेअर मागतोय. फिल्म आर्काइव्हमध्ये इथेच तू खुर्चीवरून घसरला होतास. आणि मी परवा काय करत होतो? प्रेत श्वास घेतं का, ते बघत होतो! पदर हलतो का, पापणी लवते का. अरे, माणूस अर्धाअधिक सिनेमा मेलेला आहे, स्केट्सवरून ढकलला जातोय, श्वास सोडणार कधी? तिथून नजर दुःशासनावर गेली. विधू विनोद चोप्रा. हो, तूच सांगितलं होतंस, आणि मी "गप रे" म्हटलं होतं. आजही म्हणेन. मला हसायचं होतं.

पण परवा प्रसंग संपला आणि मी एकदाही हसलो नव्हतो. त्याऐवजी हिशेब. ओम पुरी गेले. रवी बासवानी, सतीश कौशिक, खुद्द दिग्दर्शक कुंदन शाह. भक्ती बर्वे तर 2001 मध्येच, आपल्या एक्सप्रेसवेवर. 1983 मध्ये त्या स्टेजवर एकच प्रेत होतं रे.

सुमी म्हणते चष्म्याचा नंबर तपासा.

तुझं ते वैशालीतलं व्याख्यान आठवलं. सिनेमातल्या बागेचं नाव अँतोनिओनी पार्क का, तर अँतोनिओनीच्या ‘ब्लो-अप’मध्येही फोटो मोठा करत गेल्यावर मागे खून सापडतो. नायकांची नावं विनोद चोप्रा आणि सुधीर मिश्रा का, तर युनिटमधल्याच दोघांची. फिल्म इन्स्टिट्यूटच्या पोरांची आपापसातली मस्करी. व्याख्यान तुझं, बिल माझं. 2012 मध्ये नवी प्रिंट लागली तेव्हाचं तिकीटही माझंच, हे जाता जाता.

आता खोड लागलीय. काल मन्याच्या लग्नाची कॅसेट लावली, पोराने पेनड्राइव्हवर घेतलीय. पुढे मुंडावळ्या बांधलेला मन्या, घामाघूम. मागे खांबाशी तात्या. मंगलाष्टकं संपली, लोक पंगतीकडे वळले, आणि तात्या मुठीतल्या अक्षतांकडे बघत उभे. टाकल्याच नाहीत. मग हळूच खिशात घातल्या. आपण ही कॅसेट किती वेळा बघितली, मन्याला चिडवायला! तात्या कुणाला दिसले होते? शेजारी तूच उभा आहेस, आणि सगळ्या जगाचं मागचं बघणारा तू जिलबीच्या परातीकडे बघतोयस.

मला एवढंच विचारायचंय. तुला मागचं सगळं दिसायचं, तरी तू खुर्चीवरून घसरेपर्यंत हसायचास. दोन्ही एका वेळी कसं जमायचं तुला? मला आता एकच जमतंय, आणि तेही नको ते. मन्याला अक्षतांचं सांगू का? की ठेवू माझ्यापाशीच? त्याचा स्वभाव तुला माहीत आहे, आधी हसेल आणि मग आठ दिवस फोन उचलणार नाही.

वहिनींचं मोतीबिंदूचं नीट झालं ना? निनादला नोकरी लागल्याचं सुमीकडून कळलं, तू कशाला कळवशील! डिसेंबरात येणार असशील तर आधी सांग. वरची खोली भाड्याने दिलीय, हॉलमध्ये झोपावं लागेल आणि तू घोरतोस.

तुझा,
नाना