चार प्रश्न विचारता, त्यात आणखी दोन घाला

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी सोलापूरची विडी कामगार. अक्कलकोट रोडच्या बाजूला एका खोलीत राहून दोन मुली वाढवल्या. नवरा २००८ साली गेला. त्याच्या आजारपणातच माझी तपासणी झाली आणि मलाही एचआयव्ही निघाला. माझ्या गोळ्या चालू होऊन पंधरा वर्षं उलटली. हे पत्र मी सांगतेय आणि धाकटी मुलगी मोबाईलवर लिहून घेतेय. खाली नाव घातलेलं नाही, तेवढं समजून घ्या.

आधी ऋण मानते. १ एप्रिल २००४ पासून सरकारनं एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीचा विषाणू दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या फुकट द्यायला सुरुवात केली, आणि पहिल्या सहा राज्यांत आपला महाराष्ट्र होता. त्या गोळ्या नसत्या तर माझ्या मुली आजोळी वाढल्या असत्या. आज माझ्या रक्तात विषाणू सापडण्याइतकासुद्धा उरलेला नाही. ज्याचा रिपोर्ट असा येत राहतो, त्याच्यापासून शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही, हे मला काउन्सेलर मॅडमनी सांगितलं त्या दिवशी मी घरी येऊन खूप रडले. इतकी वर्षं मी स्वतःला विटाळ समजत होते.

आता मागणं. एआरटी केंद्रात गोळ्या न्यायला गेलं की दर खेपेला चार प्रश्न विचारतात: खोकला आहे का, ताप येतो का, वजन घटलं का, रात्री घाम येतो का. हे टीबीसाठी. फार चांगली पद्धत आहे, आमच्यातल्या कितीतरी जणांचा टीबी त्यामुळे वेळेत सापडला. मग डबीतल्या उरलेल्या गोळ्या मोजतात. पण झोप लागते का, कशात मन लागतं का, हे मला कधी कुणी विचारलं नाही.

२०१७ साली माझ्या थोरलीची सोयरीक मोडली. साखरपुडा झालेला होता. कुणीतरी पाहुण्यांच्या कानावर घातलं की हिच्या आईला ‘तो’ आजार आहे. पोरगी निगेटिव्ह, तिचा रिपोर्ट घरात होता, पण तो दाखवायला आम्हाला कुणी उंबरा ओलांडू दिला नाही. त्यानंतर तीन आठवडे मी अंथरुणातून उठले नाही. विड्यांसाठी भिजवलेला तेंदूपत्ता फडक्यातच वाळून गेला. सूप भिंतीला उभं केलेलं तसंच राहिलं. हजार विड्या वळणारी बाई मी, माझ्यानं कात्री उचलवेना. गोळीची वेळ झाली की वाटायचं, कशाला घ्यायची?

पुढच्या तारखेला डबीत सतरा गोळ्या जास्त निघाल्या. मॅडमनी विचारलं, का राहिल्या? मी म्हटलं, गावाला गेले होते. त्यांनी तसं लिहून घेतलं, गोळ्या चुकवू नका म्हणून समजावलं आणि पुढचा नंबर पुकारला. त्यांचा दोष नाही. बाहेर बाकावर पन्नास माणसं बसलेली होती, आणि मन विचारायला त्यांच्या कागदावर रकानाच नव्हता.

साहेब, गोळ्या चुकत राहिल्या की व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, वाढतो, तो वाढलेलाच राहिला की औषध बदलावं लागू शकतं, हे सगळं तुमच्या खात्याला ठाऊक आहे. उदास माणसाकडून गोळ्या जास्त चुकतात हेही डॉक्टर लोकांना ठाऊक आहे. तरी उरलेल्या गोळ्यांचा हिशेब लिहिला जातो आणि त्या का उरल्या याचं खरं कारण कागदावर येत नाही.

आणखी एक सांगते. पूर्वी आम्हाला झोपताना घ्यायची जी गोळी होती, तिच्यात एफाविरेन्झ होतं. त्यानं चक्कर यायची, भलती भलती स्वप्नं पडायची. मी मेलेल्या नवऱ्याशी भांडत जागी व्हायचे. मला वाटायचं मला वेड लागतंय. काही जणांना या औषधानं असं होतं, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. आता डोल्युटेग्राव्हिरची गोळी आली, ती बरीच बरी आहे. पण तिनंही काहींची झोप जाते, आणि वेळ बदलून सकाळी घेतली तर फरक पडतो. एवढंसं सांगायला सुद्धा आधी कुणी झोपेचं विचारायला हवं ना?

मला त्यातून उठवलं ते रांगेतल्याच एका बाईनं. ती तेलुगू बोलणारी, तिचंही विडीचंच काम. आठ दिवस रोज दुपारी आपलं सूप घेऊन यायची, माझ्या शेजारी बसून विड्या वळायची आणि काही विचारायची नाही. नवव्या दिवशी म्हणाली, चल, डोक्याच्या डॉक्टरकडे जाऊ, मी पण गेले होते. तिथं वेगळा वार, वेगळा केसपेपर, वेगळी इमारत. एका दिवसाची मजुरी बुडाली. त्यात ‘मानसोपचार’ या पाटीखाली उभं राहणं म्हणजे एका शिक्क्यावर दुसरा शिक्का. त्या डॉक्टरांना मी भीतीनं एचआयव्हीचं सांगितलंच नाही. नंतर समजलं की कार्बामाझेपिनसारखी काही औषधं आमच्या गोळीचा जोर कमी करतात. मला तसलं औषध दिलं गेलं नाही हे माझं नशीब. सहा महिन्यांत मी बरी झाले आणि पुन्हा कामाला बसले.

म्हणून सांगते, आम्हाला दुसऱ्या दारात पाठवू नका. त्या चार प्रश्नांना दोन जोडा: गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झालाय का, आणि मन खचल्यासारखं, उदास वाटतंय का. हे प्रश्न मी मनानं काढलेले नाहीत, डॉक्टर जगभर हेच विचारतात, आणि विचारायला दोन मिनिटं लागतात. ‘हो’ म्हणेल त्याच्यासाठी त्याच दिवशी, त्याच मजल्यावर, दार लागेल अशा खोलीत बोलायला माणूस हवा. सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांनी आठवड्यातून एक ठरलेला वार एआरटी केंद्रात बसावं, एवढा आदेश आपण काढू शकता. करमाळा, सांगोला, मंगळवेढ्याकडच्यांसाठी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून महिन्यातून एकदा तरी माणूस पोचावा.

आणि भाषेचा विचार करा. आमच्या शहरात निम्मी गल्ली तेलुगू बोलते, अक्कलकोटकडे कानडी. माझी ती मैत्रीण मराठीत ‘बरी आहे’ म्हणते. एकदा घरी बसल्यावर ‘निद्र वस्तलेदु’ म्हणाली, झोप येत नाही, आणि मग तासभर बोलत राहिली. मनातलं बाजारच्या भाषेत येत नाही हो.

तुमचे लोक म्हणतील, मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलिमानस ही फोनसेवा आहे, १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, रात्रंदिवस चालतो. आहे, आणि चांगला आहे, मी लोकांना देते तो नंबर. पण एका खोलीत सासू, सून, पोरं झोपलेली असताना त्या सुनेनं फोनवर काय बोलायचं? घरात गोळीचं नाव कळू नये म्हणून डबीवरचा कागद नखानं खरवडून काढणाऱ्या बायका आहेत आमच्यात. डबी खुळखुळू नये म्हणून आत कापूस कोंबतात. मी स्वतः कितीतरी वर्षं गोळ्या मिसरीच्या डबीत ठेवल्या.

हल्ली तब्येत स्थिर असली की तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात. खेपा वाचल्या, मजुरी वाचली. पण एकट्या माणसाचं केंद्रावरचं बोलणंही तीन महिन्यांवर गेलं. त्या मधल्या काळात घरी जाऊन बसेल अशी, आमच्यातलीच, आमची भाषा बोलणारी बाई नेमा आणि तिला मानधन द्या. माझ्या मैत्रिणीनं आठ दिवस मजुरीच्या वेळेत माझ्याजवळ बसून काढले, ते तिच्या पदरचे होते.

२०१७ साली दोन कायदे झाले. एचआयव्हीचा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यात भेदभावाला बंदी आहे आणि आमची माहिती आमच्या संमतीशिवाय फोडायलाही बंदी आहे. दुसऱ्या, मानसिक आरोग्याच्या कायद्यात मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच वागवायचं असं लिहिलंय. दोन्ही कायदे आमचेच आहेत. पोरीची सोयरीक मोडली तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं, केंद्राच्या भिंतीवरही नव्हतं. निदान तक्रार कुठे करायची ते मराठी, तेलुगू, कानडीत मोठ्या अक्षरांत लावा.

पत्राचं उत्तर घरी पाठवू नका. पोस्टमन सरकारी पाकीट घेऊन आला की शेजारी विचारतात. जिल्ह्यातल्या प्रत्येक एआरटी केंद्राच्या फळ्यावर लावा. माझी पुढची तारीख दिवाळीनंतर आहे, तेव्हा मी वाचीन.

आपली,
सोलापुरातील एक विडी कामगार