बेटा, फोन उचलत नाहीस म्हणून लिहितोय

जय ख्रिस्त बेटा,

तीन रविवार झाले तू फोन उचलला नाहीस. ताईकडून कळलं की तू म्हणालास, आता कोणत्या तोंडाने चर्चला येऊ, प्रभुभोजनाच्या टेबलाजवळ जाऊन येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षारस घ्यायची माझी लायकी नाही. फीचे पैसे त्या मोबाइलच्या गेममध्ये घालवलेस आणि फी भरली म्हणून आम्हाला सांगितलंस, राग आला मला, अजूनही आहे, लपवत नाही. पण तू देवाबद्दल जे ठरवून बसलायस ना, त्याचं जास्त वाईट वाटलं.

तुला वाटतंय देवाचं वचन म्हणजे तुझ्या बाईकच्या लोनसारखं, तुझी सही, माझी जामिनाची सही, हप्ता चुकला की संपलं. बायबलमधला उत्पत्तीचा 15 वा अध्याय काढ. संडे स्कूलला आपण फक्त आकाशातले तारे मोजायचा भाग शिकलो, तुझी संतती एवढी होईल असं देव अब्राहामाला वचन देतो तो, पुढचं कोणी सांगत नाही. देव अब्राहामाला कालवड, शेळी, एडका आणायला सांगतो, ते मधोमध कापून समोरासमोर ठेवलेले. त्या काळी करार करणारे अशा तुकड्यांमधून चालत जायचे, म्हणजे मी शब्द मोडला तर माझी गत अशीच होवो. (यिर्मया 34 मध्ये आहे हे, बघ.) अब्राहाम बिचारा गिधाडं हाकलतो आणि सूर्य मावळताना त्याला गाढ झोप लागते. मग अंधारात धुमसणारी भट्टी आणि जळती मशाल, म्हणजे देवाचीच खूण, त्या तुकड्यांमधून जाते. मधून फक्त देव गेला, अब्राहामाला त्याने चालायलाच लावलं नाही. झोपलेल्या माणसाकडून कोण हप्ता घेणार?

आणि हा अब्राहाम काही साधा नव्हता हं. मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, जीव वाचवायला बायकोला बहीण म्हणून सांगितलं, या कराराच्या आधी. आणि करारानंतर, इतकं सगळं बघितल्यावर, गरारात पुन्हा तीच थाप, अध्याय 20. मी वाचताना दरवेळी म्हणतो अरे बाबा किती वेळा! आणि लगेच 21 मध्ये वचन दिलेला मुलगा, इसहाक, जन्मतो. देवाने वचन पाळलं, आणि तेही अब्राहाम सुधारायची वाट न बघता.

आता तू म्हणशील मग पापाचं काय, मजाच आहे की. नाही रे. दावीद राजाचं बघ, उरीयाची बायको बथशेबा हिच्याशी त्याने संबंध ठेवले आणि उरीयाला मारवलं, त्यानंतर देवाने त्याला क्षमा केली, पण तिच्यापासून झालेलं लेकरू गेलं, आणि घरातली भांडणं शेवटपर्यंत मिटली नाहीत. मत्तयाने येशूची वंशावळ लिहिली त्यात बथशेबेचं नावसुद्धा नाही घेतलं, सरळ उरीयाची बायको असं लिहिलं. पाप खोडलेलं नाही तिथे, आणि त्याच ओळीतून तारणारा आला. पौल तीमथ्याला लिहितो ना, आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वासू राहतो, त्याला स्वतःविरुद्ध वागता येत नाही. माझा सगळा भरवसा त्या शेवटच्या वाक्यावर आहे, कारण मी पण तुझ्या वयात आजोबांना पास झालो म्हणून सांगून वर्षभर फिरवलेलं, हे तुझ्या मम्मीलाही माहीत नाही, तिला सांगू नकोस.

टेबलाजवळ यायला लायकी लागत असती तर आपल्या चर्चमध्ये पाळक साहेबांसकट सगळे बाकावरच बसून राहिले असते.

या रविवारी पहिला रविवार आहे, प्रभुभोजन आहे. शनिवारच्या संध्याकाळच्या एसटीने ये. उधळ्या मुलाच्या गोष्टीत मुलगा परत आल्यावर बाप कापतो तसं वासरू वगैरे काही कापणार नाही, मम्मीने कोंबडी सांगून ठेवलीय. आणि येताना बँकेचं पासबुक घेऊन ये, किती गेले आणि महिन्याला किती फेडशील ते जेवण झाल्यावर बसून लिहू.

तुझा,
पप्पा